गोठ्यामागचा लोखंडी नांगर

परवा हट्ट्याला (ता. वसमत) एका नातेवाइकांच्या गोठ्यामागे जुना लोखंडी नांगर दिसला. सोबतच्या पोरांना तो काय आहे, हेच कळेना. म्हणून थोडं लिहितो.

लाकडी नांगर माती फोडतो, पण उलटत नाही. लोखंडी नांगराच्या फाळामागे वळवलेला पंख असतो. फाळाने कापलेली माती त्यावर चढते आणि पालथी पडते. हरळी-कुंद्याची मुळं वर येतात, उन्हात वाळून मरतात. आपल्या चिवट काळ्या रानात हा फरक फार मोठा!

असे लोखंडी नांगर बनवण्याचं काम उभं केलं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. बेळगावात १८८८ साली सायकलचं दुकान, पुढे कडबाकुट्टी, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा समजूत होती. सुरुवातीला गिऱ्हाईकच मिळेना. पण ते मागे हटले नाहीत. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि नांगर गावोगाव पोचला.

आज हळदीच्या रानात ट्रॅक्टरमागे पलटी नांगर चालतो. त्यातही तोच वळवलेला पंख आहे.

तुमच्याकडे असा जुना नांगर असेल तर कृपा करून भंगारात घालू नका. फोटो टाका, काही विचारायचं असेल तर विचारा. माहीत असेल ते नक्की सांगेन.