नादाची सार्वजनिक वहिवाट

लिनक्सवरील घरगुती ध्वनिमुद्रणाच्या साधनांचा मागोवा घेऊ लागले की, प्रथम सिंथेसायझरांविषयी बोलावे असा मोह पडतो. कारण वाद्य ऐकू येते, त्याच्या कर्त्याचे नाव सांगता येते आणि त्याच्या गुणदोषांवर रसिकांना यथेच्छ वादही घालता येतो. परंतु गेल्या सुमारे पंचवीस वर्षांचा हा व्यवहार ज्याने जवळून पाहिला त्याच्या लक्षात येईल की, यातील परिश्रम वाद्ये घडविण्यात जितके खर्ची पडले त्याहून अधिक दोन नीरस कामांत पडले: एक, पट्टी दाबल्यापासून स्वर कानी येईपर्यंतचा काळ कमी करणे, आणि दुसरे, कर्त्याने सोडून दिलेल्या वाद्याला नवा पालक मिळवून देणे. पहिल्या कामाची हकीकत तंत्रज्ञ मोठ्या हौसेने सांगतात. दुसऱ्याची सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते तेच अधिक मोलाचे आहे.

आरंभीची स्थिती दैन्याची होती. १९९० च्या दशकात हन्नू सावोलाइनेन या फिनिश प्रोग्रामरने लिहिलेल्या ड्रायव्हरांवर लिनक्सचा सारा ध्वनिव्यवहार चाले, आणि साध्या साउंड कार्डाचा ताबा एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळे. दुसऱ्याने मागणी केली तर साधन मोकळे नाही एवढाच जबाब येई. १९९८ मध्ये यारोस्लाव किसेला या चेक गृहस्थाने ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या कार्डाच्या निमित्ताने नवे काम आरंभिले, त्यातून ‘आल्सा’ ही ध्वनिव्यवस्था उभी राहिली, आणि डिसेंबर २००३ मधील २.६ या कर्नेलबरोबर तिचा अंमल सर्वत्र सुरू झाला. विद्यापीठांतून आलेली थोर साधने त्याही काळी होती: बॅरी व्हर्को यांनी एम.आय.टी.मध्ये १९८० च्या दशकात सिद्ध केलेले सीसाउंड, मिलर पकेट यांचे १९९६ चे प्युअर डेटा, आणि जेम्स मॅकार्टनी यांनी २००२ मध्ये मुक्त परवान्याखाली दिलेले सुपरकोलायडर. त्यांच्या सामर्थ्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु मांडीवर गिटार घेऊन बसलेल्या माणसाने एक स्वर काढण्याआधी पानभर सूत्रे लिहावीत, ही अपेक्षा प्रयोगशाळेत शोभणारी असली तरी बिऱ्हाडाच्या खोलीत शोभणारी नव्हती.

आता त्या विलंबाविषयी. संगणक ध्वनीचा हिशेब हप्त्याहप्त्याने करतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले आणि एक हप्ता १०२४ नमुन्यांचा धरला, तर एकेका हप्त्यालाच सुमारे २१ मिलिसेकंद लागतात, आणि आत येण्याचा व बाहेर जाण्याचा हप्ता मिळून चाळिसाच्या वर जातात. हप्ता ६४ नमुन्यांवर आणला तर तोच काळ सव्वा मिलिसेकंदाच्या आसपास येतो. हवेतून ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंदांचा विलंब हा तीन-साडेतीन मीटरांवर बसलेल्या तबलजीचा ठेका ऐकण्यासारखा आहे, आणि तो कोणत्याही गवयाला खपतो. पण आपलाच आवाज हेडफोनमध्ये चाळीस मिलिसेकंद उशिरा आला तर चांगला लयदार गाणारासुद्धा चाचपडू लागतो. हप्ता लहान करावा तर कर्नेल आडवे येई. ते सर्व प्रोग्रामांना सरासरीने न्याय देण्यासाठी रचलेले होते, आणि ध्वनीला सरासरीचा काही उपयोग नसतो. हजार हप्ते वेळेवर पोचून एकच चुकला तरी तो एकच ‘खट्’ असा ऐकू येतो. इंगो मोल्नार आणि अँड्र्यू मॉर्टन यांनी २००० च्या सुमारास यावर दुरुस्त्या लिहिल्या. त्या लावण्यासाठी हौशी वादकाला आपले कर्नेल स्वतः घडवावे लागे. पुढे २००५ च्या सुमारास सामान्य वापरकर्त्याला ‘ऑडिओ’ गटात दाखल करून त्याला अग्रक्रमाचा परवाना देण्याची सोय झाली, आणि संगीत करण्यासाठी यंत्राचे सर्वाधिकार हाती घेण्याचा धोकादायक प्रघात मागे पडला. मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आदींनी पुढे वाढविलेले ‘रिअल-टाइम’ बदलांचे काम मात्र वीस वर्षे मुख्य कर्नेलच्या उंबऱ्याबाहेर राहिले व २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत पूर्णपणे आत आले. तोवर बहुतेक वादकांनी त्याची वाट पाहणे सोडून दिले होते.

या साऱ्या खटाटोपाला दिशा दिली ती पॉल डेव्हिस यांनी. अ‍ॅमेझॉन ही पेढी बाल्यावस्थेत असताना हे गृहस्थ तेथे प्रोग्रामर होते. तेथून बाहेर पडल्यावर त्यांनी आर्डर हा अनेक ट्रॅकांचा मुद्रणप्रोग्राम लिहावयास घेतला, आणि त्याचे ध्वनियंत्र वेगळे काढून त्यातून ‘जॅक’ नावाची मध्यस्थ व्यवस्था २००२ च्या सुमारास निर्माण केली. जॅकचा नियम कडक आहे: प्रत्येक हप्त्यात प्रत्येक प्रोग्रामला क्रमाने एकदा पाचारण होते, आणि त्याने आपले काम मुदतीत पुरे केले पाहिजे; न केल्यास ‘एक्सरन’ म्हणून त्याची नोंद होते. रुई नुनो कापेला या पोर्तुगीज प्रोग्रामरने जॅकसाठी केलेली छोटी खिडकी ज्याने वापरली आहे त्याला तिच्यावरील एक्सरनांचा आकडा विसरता येणार नाही. डावीकडे ध्वनी देणाऱ्यांची यादी, उजवीकडे घेणाऱ्यांची, आणि मध्ये आपण ओढलेल्या तारा: हायड्रोजन या तालप्रोग्रामाचा ढोल या ट्रॅकवर, सिंथेसायझर प्रथम रिव्हर्बमध्ये आणि तेथून त्या ट्रॅकवर. भिन्न लोकांनी, एकमेकांना न विचारता लिहिलेले प्रोग्राम येथे एका मुदतीच्या धाकाने एकत्र वाजत. त्या काळातील व्यापारी मुद्रणप्रोग्रामांत सर्व काही एका छपराखाली असे. ही मोकळी जोडणी मला आजही अधिक सुसंस्कृत वाटते, जरी गाणे अर्धवट ठेवून उठल्यावर दुसऱ्या दिवशी त्या साऱ्या तारा पुन्हा जोडताना हे मत थोडे डळमळीत होत असे.

वाद्यांमध्ये माझ्या पसंतीचे पहिले स्थान झिनॅडसबएफएक्सचे. रुमानियातील नास्का ऑक्टाव्हियन पॉल यांनी २००२ च्या सुमारास ते आरंभिले आणि त्यात तीन भिन्न प्रकृतीची यंत्रे ठेवली: पहिले अनेक लहरींची बेरीज करणारे, दुसरे कोलाहलातून अरुंद चाळण्यांनी स्वर निवडून काढणारे, आणि तिसरे, ज्यात कर्त्याची खरी प्रतिभा दिसते, ते पॅडसिंथ. सामान्य सिंथेसायझर प्रत्येक स्वरांशाला एकच काटेकोर कंपनसंख्या देतो, म्हणून त्याचा नाद निर्जीव लागतो. नास्का यांनी प्रत्येक स्वरांश एका बिंदूऐवजी लहानशा पट्ट्यावर पसरला, वरच्या स्वरांशांना अधिक रुंद पट्टा दिला, त्यांच्या कला यदृच्छेने ठरविल्या, आणि एका मोठ्या उलट फूरिये रूपांतराने त्या सर्वांचा एकच दीर्घ, सांधा न दिसता फिरत राहणारा तुकडा तयार केला. परिणाम असा की, एकच पट्टी दाबली तरी अनेक वादकांचा मेळ वाजत असल्याचा भास होतो. ही कृती त्यांनी उघडपणे लिहून ठेवली, आणि पुढे अनेकांनी ती उचलली. वाद्याचे दर्शनी रूप मात्र करड्या गुंड्यांचे आणि खिडकीतून उघडणाऱ्या खिडक्यांचे. सुंदर नाद आणि कुरूप मुखवटा ही त्या पिढीची सार्वत्रिक रीतच होती.

बाकीच्यांची नोंद थोडक्यात पुरे. रिचर्ड फर्स यांच्या लॅडस्पा या साध्या करारामुळे २००० पासून लहानलहान प्लगइनांची रीघ लागली, आणि तिची जागा पुढे एलव्ही२ ने घेतली. फ्लुइडसिंथने साउंडफॉन्ट वाजविले. गिटारिक्सने अ‍ॅम्प्लिफायरवाचून गिटार बोलकी केली. रोझगार्डनने स्वरलिपी सांभाळली. आर्डरमध्ये मिडी यावयास २०१३ उजाडले, हा विलंब मात्र मिलिसेकंदांत मोजता येण्यासारखा नव्हता. मध्यंतरी, २००७-०८ च्या सुमारास, पल्सऑडिओ ही घरगुती ध्वनिव्यवस्था लिनक्सच्या बहुतेक वितरणांत शिरली आणि तिचा जॅकशी साउंड कार्डाच्या ताब्यावरून दीर्घ तंटा सुरू झाला. तो विम टायमन्स यांच्या पाइपवायरने मिटविला. २०२१ मध्ये फेडोरा या वितरणाने ते प्रथम स्वीकारले, आणि आता जॅकसाठी लिहिलेला जुना प्रोग्राम व साधा ब्राउझर एकाच दरबारात नांदतात. हार्डवेअरच्या बाबतीत उपकार झाले ते अनपेक्षित दिशेने: आयपॅडला ड्रायव्हरविना चालणारे यूएसबी इंटरफेस लागत म्हणून निर्मात्यांनी ते प्रमाणित पद्धतीने बनविले, आणि त्यांचा लाभ लिनक्सला विनासायास मिळाला.

आता वारसाहक्काकडे. मूळ कर्त्याचा वेळ अन्यत्र जाऊ लागला तेव्हा झिनॅडसबएफएक्सचे दोन वंश झाले: २००९ मध्ये अ‍ॅलन कॅलव्हर्ट यांनी लिनक्सपुरते पाहणारे योशिमी निराळे केले, आणि मूळ गादी मार्क मॅकरी यांच्याकडे आली. यासाठी कोणाची संमती, खरेदीखत वा मुखत्यारपत्र लागले नाही. जनरल पब्लिक लायसन्स ही सनदच अशी की तिच्यात पुढच्या वहिवाटदाराचा हक्क आधीच लिहिलेला असतो. उलट उदाहरण अधिक बोलके आहे. सर्ज हा क्लेस योहान्सन यांचा व्यापारी सिंथेसायझर; २०१८ मध्ये त्यांनी त्याची उगमसंहिता याच सनदेखाली मोकळी केली, आणि जो सर्ज विकत असताना लिनक्सवर कधी चाललाच नव्हता तो परक्या माणसांनी लिनक्सवर आणून, वाढवून, २०२२ मध्ये सर्ज एक्सटी या नावाने पुन्हा उभा केला. ज्या पेढ्यांनी आपली जुनी वाद्ये कुलूपबंद ठेवून बाजारातून उठविली त्यांची वाद्ये नव्या यंत्रांवर उघडतसुद्धा नाहीत. २०२१ मध्ये ऑडासिटी या ध्वनिसंपादन प्रोग्रामचा कारभार एका कंपनीकडे गेला व वापराची माहिती गोळा करण्याच्या तजविजीवरून गदारोळ झाला, तेव्हाही तक्रारदारांच्या हाती तोच उपाय होता: प्रत घ्यावी आणि वेगळे निघावे. काहींनी तसे केले. मला त्या गदारोळात तारतम्य कमी दिसले, पण हक्क कागदावरच राहिला नाही हे बरे झाले.

मराठी वादकाला या साधनांत एक खास कारणाने रस असावा. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीला जी बंदी घातली आणि जी १९७१ मध्ये सैल झाली, तिच्यामागे सप्तकाच्या बारा समान भागांवरील आक्षेप होता; समान भागांतला गांधार षड्जापासून ४०० सेंटांवर बसतो, तंबोऱ्यातून उमटणारा सुमारे ३८६ वर. झिनॅडसबएफएक्समध्ये स्वरमानाची एक साधी खिडकी आहे: षड्ज कोणत्या पट्टीवर मानायचा ती पट्टी व तिची कंपनसंख्या नोंदवावी, मग एका ओळीस एक याप्रमाणे ९/८, ५/४, ४/३, ३/२ असे अपूर्णांक लिहीत जावे, कोमल-तीव्रांसह बारा ओळी पुऱ्या कराव्यात, आणि काळी एकमध्ये गाणाऱ्यासाठी सुस्वर पेटी तयार होते. रागाप्रमाणे ऋषभ किंचित उतरवायचा असेल तर एक ओळ बदलली की झाले. सुतार व कानस यांचे काम येथे आकड्यांवर भागते.

तालाचा प्रश्न मात्र अद्याप सुटलेला नाही. रूपकाच्या सात मात्रा मोजायला आर्डरची पट्टी तयार असते, परंतु ज्याची सम हीच खाली आहे अशा आवर्तनाची तिला कल्पना नाही. तिचा मेट्रोनोम पहिल्या मात्रेवर ठासून ठोका देतो. तो जोर काढून टाकण्याची सोय आहे, पण मग सातही ठोके सारखेच वाजतात आणि सम कोठे ते गाणाऱ्याला कळेनासे होते, म्हणून मी मेट्रोनोम बंद करून ठेका आधी एका स्वतंत्र ट्रॅकवर वाजवून घेतो.