स्टेअरिंग जड झालं? मोटर बदलण्याआधी एवढं तपासून घ्या

आज आपण एका मोटरविषयी बोलणार आहोत. विहिरीवरची नाही आणि पिठाच्या गिरणीचीही नाही. चारचाकी गाडीचं स्टेअरिंग हलकं करणारी, डॅशबोर्डच्या आत लपलेली छोटीशी मोटर.

हा विषय बायकांच्या कार्यक्रमात कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपल्या उजनीकाठी काही गटांनी पैसे एकत्र करून जुनी चारचाकी घेतली आहे, काही मैत्रिणी ती स्वतः चालवतात. १९८० साली धरण पूर्ण झालं, भीमेचं पाणी पसरलं, आणि समोरच्या काठावरचं गाव डोळ्यांना दिसत असलं तरी रस्त्याने गाठायला मोठा वळसा पडू लागला. केळीचे वेफर्स टेंभुर्णीला पोचवायचे, मासळी भिगवणला न्यायची, बँकेच्या कामाला करमाळा गाठायचं, रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं, हे सगळं त्या एका गाडीवर चालतं. ती दारात उभी राहिली की कामं अडतात आणि दुरुस्तीचं बिल गटाच्या बचतीतून जातं.

आमच्याकडे प्रश्न येतो तो असा: "ताई, स्टेअरिंग एकदम जड झालंय. गॅरेजवाले म्हणतात मोटर गेली, नवी टाकावी लागेल. टाकू का?" आमचं उत्तर असं, की मोटर खरंच गेली असेल तर जरूर टाका. पण ती गेली आहे हे आधी मीटर लावून दाखवायला सांगा. कारण स्टेअरिंग जड होण्याची कारणं पुष्कळ आहेत, आणि मोटर त्यातलं सगळ्यात महाग कारण आहे.

आधी ही मोटर करते काय ते बघू. जात्यावर दोघी बसल्या की दळण कसं हलकं जातं, आठवा. जातं कुठल्या दिशेला आणि किती वेगात फिरवायचं ते एक ठरवते, दुसरी फक्त जोर लावते. स्टेअरिंगची मोटर ही ती दुसरी बाई. स्टेअरिंगच्या दांड्याला, म्हणजे कॉलमला, मध्ये एक बारीक सळई असते. आपण चाक वळवलं की ती किंचित पिळली जाते, ओलं लुगडं पिळताना पीळ पडतो तशी. हा पीळ किती आणि कुठल्या बाजूला, हे मोजणारा एक सेन्सर तिथेच बसवलेला असतो. तो ही माहिती गाडीच्या छोट्या संगणकाला देतो. संगणक गाडीचा वेग बघतो आणि मोटरला सांगतो, एवढा जोर लाव. गाडी हळू असताना जास्त जोर, महामार्गावर कमी. वेगात स्टेअरिंग फार हलकं असलं तर गाडी डुलेल, म्हणून.

जुन्या जीपना, ट्रकना आणि पुष्कळशा ट्रॅक्टरना पॉवर स्टेअरिंग तेलावरचं असतं. त्याला पंप, पाइप, तेलाचा डबा. विजेवरचं स्टेअरिंग पहिल्यांदा आलं ते १९८८ साली, जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो नावाच्या छोट्या गाडीत. इंजिनवर पंपाचा सतत भार नको, म्हणून छोट्या गाड्यांना ते सोयीचं पडलं. आज आपल्याकडे गावोगावी दिसणाऱ्या छोट्या गाड्यांत बहुतेक हेच असतं. त्यात तेल नाही. त्यामुळे कुणी "स्टेअरिंगचं तेल कमी झालंय" म्हणून बिलात तेल लावलं, तर डबा कुठे आहे ते दाखवा म्हणायचं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, गाडी चालवणाऱ्यांसाठी. ही मोटर बंद पडली म्हणून स्टेअरिंग सुटत नाही. दुसरी बाई जात्यावरून उठली तरी जातं फिरतंच, फक्त जड फिरतं. तसंच इथे. चाकांशी स्टेअरिंगची जोडणी लोखंडाची आहे, ती तशीच राहते. तेव्हा टेंभुर्णीच्या पुढे महामार्गावर अचानक स्टेअरिंग घट्ट वाटलं आणि पिवळा किंवा लाल दिवा लागला, तर घाबरून एकदम ब्रेक मारू नका. मागे उसाची ट्रॉली असू शकते. दोन्ही हातांनी चाक धरा, वेग हळूहळू कमी करा, इंडिकेटर द्या आणि कडेला घ्या. गाडी चालू असताना किल्ली मात्र बंद करायची नाही, स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. आणि "बाईच्या हातात जोर नाही म्हणून जड वाटतं" असं कुणी म्हटलं, तर त्यालाच उभ्या गाडीत चाक वळवायला लावा.

एका प्रकारात मात्र गाडी अजिबात पुढे न्यायची नाही. स्टेअरिंग मध्येच अडकत असेल, आपोआप एका बाजूला ओढत असेल, किंवा चाकात ढिलाई आली असेल, तर गाडी टोचन करून न्या. तिथे नुसता जोर कमी पडलेला नाही, दोष वेगळा आहे.

तपासणीची सुरुवात घरीच होते, एक रुपया न घालता. पुढच्या टायरमधली हवा बघा. हवा कमी असली की स्टेअरिंग जड होतं, आणि तेव्हा दिवा लागत नाही. मग किल्ली एक टप्पा फिरवा, गाडी चालू करू नका. समोर स्टेअरिंगच्या चित्राचा दिवा दिसेल, शेजारी उद्गारचिन्ह असतं. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू झालं की तो विझतो. विझला नाही तर विजेच्या बाजूला दोष आहे. दिवा विझला तरी स्टेअरिंग जड आहे, तर हवा, चाकांचं अलाइनमेंट, गंजलेला जोड असं काही असण्याची शक्यता जास्त.

अजून एक खूण. शेताच्या अरुंद रस्त्यावर गाडी वळवताना आपण चाक शेवटपर्यंत पिळतो, परत उलटं पिळतो, असं पाच-सात वेळा होतं. तेव्हा मोटर तापते आणि संगणक तिचा जोर मुद्दाम कमी करतो. थोडा वेळ गाडी उभी ठेवली की स्टेअरिंग पुन्हा हलकं होतं. तो बिघाड नाही, मोटरचं रक्षण आहे. गाडी किंचित पुढे-मागे हलवत चाक वळवलं की मोटरला एवढा ताण पडत नाही.

यानंतर बॅटरी. ही मोटर जागेवर चाक वळवताना भरपूर करंट खाते, गाडीच्या टेपसारखी थोडका नाही. बॅटरी मेलेली असेल तर गाडीचा सेल्फ कसाबसा लागतो आणि स्टेअरिंग मात्र रुसतं. चांगली बॅटरी गाडी बंद असताना मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास. चालू इंजिनवरही १२ च्या खाली दिसत असेल तर डायनॅमो चार्जिंग करत नाही, मोटरचा त्यात दोष नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर टोकं सोडून गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावायचं. बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला जाणारी अर्थिंगची जाड वायर पण बघायची. करमाळ्याकडच्या एका गटाच्या गाडीला नवी मोटर टाकायचं जवळजवळ ठरलं होतं. तालुक्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने ती अर्थिंगची वायर सोडली, खालचा गंज घासला, परत आवळली, आणि स्टेअरिंग हलकं झालं.

फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाकायचा. घरच्या फ्यूजला तार गुंडाळतो तसली युक्ती इथे नको, वायरिंग पेटेल. नवा फ्यूजही लगेच उडाला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे.

आपल्या भागातला खास शत्रू म्हणजे उंदीर. ऊस तुटला की रानातले उंदीर गोठ्यात, शेडमध्ये येतात आणि उभ्या गाडीच्या वायरी कुरतडतात. दुसरा शत्रू पाणी. धरणाकाठी पंप लावून गाडी धुताना आतही फवारा मारायची सवय काहींना आहे. मोटर डॅशबोर्डखाली आहे, तिच्या कनेक्टरमध्ये पाणी गेलं की पिना हिरव्या पडतात. आत ओल्या फडक्याने पुसा, पाण्याचा झोत नको. तिसरं वेल्डिंग. गाडीच्या पत्र्याला वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीची वायर सोडल्याशिवाय करू देऊ नका, संगणक जळतो.

एवढं पाहूनही दिवा जात नसेल तर स्कॅनर. साधा स्कॅनर फक्त इंजिन वाचतो, स्टेअरिंगचा कोड वाचणारा लागतो, हे आधी फोनवर विचारून घ्या. आणि कोडमध्ये "मोटर" असं नाव आलं म्हणजे मोटर जळली असं नव्हे. मोटरच्या सर्किटमध्ये, म्हणजे मोटर, वायर, कनेक्टर, संगणक यांत कुठेतरी दोष आहे, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा म्हणायचं, "दादा, मोटरच्या जाड कनेक्टरवर करंट येतोय का, तेवढं मीटर लावून दाखवा." चांगला कारागीर याला चिडत नाही. तो पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, किल्ली चालू करून चाक फिरवूनही बघतो. तसं फिरवताना ते अडकलं, तर रॅक किंवा जोड बघायला हवा.

समजा, मोटरच गेली आहे. मग काम कसं होतं ते माहीत असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सुटते. एअरबॅगची गाडी असेल तर त्यानंतर काही मिनिटं थांबतात, लगेच स्टेअरिंगला हात घालत नाहीत. पुढची चाकं सरळ ठेवतात. खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं की मोटर दिसते. काही गाड्यांत तेवढ्यावर भागत नाही, अख्खा कॉलम खाली घ्यावा लागतो. कनेक्टर खटका दाबून काढायचे, वायर ओढून नाही. बोल्ट सोडले की मोटर बाजूला निघते. तिच्या आणि आतल्या गिअरच्या मध्ये एक छोटं कपलिंग असतं. खडबडीत रस्त्यावर स्टेअरिंगमधून कटकट आवाज येतो तो पुष्कळदा या झिजलेल्या कपलिंगचा असतो, म्हणून ते याच वेळी बघून घ्यायचं. पीळ मोजणाऱ्या सेन्सरला मात्र पाना लावू द्यायचा नाही, हातोडी तर मुळीच नाही.

मोटर बसली म्हणजे काम संपलं नाही. जुना कोड पुसावा लागतो, आणि काही गाड्यांत सेन्सरला "सरळ म्हणजे हे" असं स्कॅनरने शिकवावं लागतं. ते राहिलं तर स्टेअरिंग एका बाजूला हलकं, दुसऱ्या बाजूला जड लागतं. त्यामुळे गाडी ताब्यात घेण्याआधी, जी मैत्रीण रोज गाडी चालवते तिने स्वतः मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघावं, मग सरळ रस्त्यावर वळणानंतर चाक आपोआप मधोमध येतं का ते पाहावं.

नवी का जुनी? काही कंपन्या मोटर सुटी देत नाहीत, संगणकासकट अख्खा कॉलमच घ्या म्हणतात, तिथे खर्च एकदम चढतो. कार्बनवाली जुन्या पद्धतीची मोटर असेल तर चांगला वाइंडिंगवाला कार्बन बदलून देऊ शकतो. नव्या गाड्यांतल्या बिनकार्बनच्या मोटरला हा उपाय नाही. भंगारातली घ्यायची असेल तर मॉडेल सारखं दिसतं म्हणून घेऊ नका, जुन्या पार्टवरचा नंबर आणि त्याचा नंबर अक्षर-अक्षर जुळला पाहिजे. पुरात बुडालेल्या गाडीचा पार्ट नको. स्टेअरिंगचा पार्ट आहे, आमचं मत विचाराल तर इथे चार पैसे वाचवू नयेत.

पैसे देण्याआधी आणखी एक फोन करा, कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला. गाडीचा चॅसिस नंबर सांगून विचारा, या गाडीवर काही रिकॉल आहे का. म्हणजे कंपनीनेच दोष शोधून गाड्या परत बोलावल्यात का. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या स्टेअरिंगच्या टायरॉडमधल्या संभाव्य दोषासाठी बोलावल्या होत्या. ऑगस्ट २०२४ मध्ये अल्टो के-१० च्या २,५५५ गाड्या स्टेअरिंग गिअरबॉक्ससाठी. हे दोष मोटरचे नव्हते, पण स्टेअरिंगचेच होते, आणि असा पार्ट कंपनी फुकट बदलून देते. गाडी तुम्ही दुसऱ्याकडून विकत घेतली असली तरी चालतं, रिकॉल गाडीवर असतो, मालकावर नाही. जुनी गाडी घेतली की कंपनीची पत्रं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जात राहतात, म्हणून आपणच विचारायला हवं.

बिल पक्कं घ्या, गटाच्या नावावर. त्यावर पार्ट नंबर, नवा की जुना, मजुरी वेगळी आणि वॉरंटी किती महिन्यांची, हे लिहून घ्या. बदललेली जुनी मोटर मागून घ्या. पार्ट बदलीवर घेतला असेल तर ती त्यांच्याकडे ठेवावी लागते, पण तसं आधी सांगायला हवं आणि बिलात लिहायला हवं. काम नीट झालं नाही आणि गॅरेजवाले दाद देत नाहीत, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यानेही भागलं नाही तर सोलापूरला जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदला पाच लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला फी लागत नाही. तिथे बिल, मोबाइलवर काढलेला मीटरचा फोटो आणि पिशवीत बांधून ठेवलेली जुनी मोटर, तिन्ही उपयोगी पडतात.