‘फर्ज’ची आठवण

‘फर्ज’ हा शब्द आम्हा भावंडांना आधी नमाजेमुळे कळला, मग सिनेमामुळे. जेम्स बाँडच्या लाटेत, तेलुगू ‘गूढचारी ११६’वरून १९६७ साली आलेल्या या हेरपटाचा विषय जुन्या नाशकातल्या आमच्या घरी अब्बा हटकून काढायचे. एजंट ११६ झालेला जितेंद्र, त्याचे पांढरे बूट, लुटुपुटूची हाणामारी पाहून नातवंडं हसायची. पण मोहम्मद रफींचं वाढदिवसाचं गाणं लागलं की तीच सूर धरायची. ते गाणं हेरपटातलं आहे, हे त्यांना अब्बांनीच सांगितलं.

आता अब्बा नाहीत. सिनेमा मोबाइलवर कधीही सापडतो. सोबत बसून सांगणारं माणूस मात्र सापडत नाही. घरातल्या थोरांचं ऐकून घ्यायला सवड काढू या. तेही आपलं कर्तव्यच.