शून्याने भागल्यावर काय होतं? सिम्युलेटरमधल्या नव्या आर्किटेक्चरच्या चाचण्या

मागच्या व्याख्यानात आपण सिम्युलेटर पाहिला: एका प्रोसेसरच्या सूचना दुसऱ्याच मशीनवर चालवून दाखवणारा प्रोग्राम. आज पुढचा प्रश्न. त्यात नवं आर्किटेक्चर घातलं, तर ते बरोबर चालतंय, आणि सहा महिन्यांनी कुणी भलतीकडचा कोड बदलला तरी चालेल, हे कशावरून म्हणायचं? काल चालत होतं ते आज मोडलं नाही ना, हे पाहणारी ती रिग्रेशन चाचणी. हे काम दुय्यम समजलं जातं. पण लोक सिम्युलेटरच्या आकड्यांवर शोधनिबंध लिहितात, आणि चुकलेला सिम्युलेटर बहुतेक वेळा बंद पडत नाही. तो बिनदिक्कत चुकीचे आकडे देत राहतो.

उदाहरणाला जेम-फाइव्ह घेऊ. मिशिगनचा एम-फाइव्ह आणि विस्कॉन्सिनचा जेम्स हे दोन प्रकल्प एकत्र येऊन तो झाला. २०११ साली त्यावरचा निबंध आला तेव्हा त्यात एआरएम, एक्स-८६, स्पार्क वगैरे आर्किटेक्चर होती; रिस्क-फाइव्ह मागाहून आलं.

पहिली चाचणी सगळेच घालतात ती ‘हॅलो वर्ल्ड’ची. ती हवीच. प्रोग्राम मेमरीत चढतो, सिस्टिम कॉल पोचतो, एवढं त्यातून कळतं. भागाकाराबद्दल मात्र ती काहीच सांगत नाही. आणि खरी गंमत तिथेच आहे.

रिस्क-फाइव्हच्या मानकात पूर्णांकाला शून्याने भागणं ही चूक धरलेली नाही. भागाकाराचे सगळे बिट १ होतात, म्हणजे चिन्हासह वाचलं तर उत्तर −१; बाकी म्हणजे मूळचा भाज्यच. दुसरं टोक बघा: ६४ बिटांत मावणाऱ्या सर्वांत लहान ऋण संख्येला −१ ने भागलं, तर खरं उत्तर मावतच नाही. मानक म्हणतं, तीच संख्या परत द्या, बाकी शून्य. आता सिम्युलेटर लिहिणाऱ्याने सी-प्लस-प्लसमध्ये सरळ ‘अ भागिले ब’ लिहिलं, तर? त्या भाषेत ही दोन्ही टोकं अपरिभाषित आहेत. एक्स-८६ मशीनवर भागाकाराची सूचना अपवाद फेकते आणि सिम्युलेटर स्वतःच कोसळतो. (लिनक्सवर संदेश येतो ‘फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन’, पूर्णांकांचा भागाकार असूनसुद्धा!) ६४ बिटी एआरएम मशीनवर तीच सूचना शून्याने भागल्यावर गुपचूप शून्य देते, काही कोसळत नाही. म्हणून ही दोन्ही टोकं चाचणीत स्वतंत्रपणे घालायची, आणि चाचण्या शक्यतो दोन्ही प्रकारच्या मशीनवर चालवायच्या.

पण अपेक्षित उत्तर आणायचं कुठून? सोपा रस्ता असा: सिम्युलेटर एकदा चालवा, जे छापलं जाईल ते फाइलमध्ये ठेवा, उद्या त्याच्याशी ताडून पाहा. यात आजची चूकही पक्की होते. उद्या कुणी ती दुरुस्त केली तर चाचणी त्यालाच नापास करेल. उत्तर मानकातूनच घ्यावं. रिस्क-फाइव्हसाठी स्वतःला तपासणारे छोटे प्रोग्राम तयार मिळतात. त्यांत प्रत्येक प्रकरणाला क्रमांक असतो. सगळं जमलं तर ‘टू-होस्ट’ नावाच्या जागी १ लिहिला जातो. चुकलं तर त्या क्रमांकाची दुप्पट अधिक एक. म्हणजे ११ दिसले, तर पाचवं प्रकरण उघडून बसायचं. मोठ्या प्रोग्रामसाठी स्पाइक हा रिस्क-फाइव्हचा संदर्भ सिम्युलेटर आहे. दोघांच्या नोंदी सूचनेगणिक शेजारी ठेवल्या की पहिला फरक कुठे पडला ते सापडतं.

एकच बायनरी सगळ्या सीपीयू मॉडेलांवर चालवणंही तितकंच गरजेचं. साध्या मॉडेलमध्ये सूचना एकामागून एक पूर्ण होतात. आऊट-ऑफ-ऑर्डर मॉडेलमध्ये कोण कोणावर अवलंबून आहे, हे सूचनेच्या वर्णनावरून ठरतं. दशांश बेरीज अपवादाचे फ्लॅगही बदलते, हे वर्णनात लिहायचं राहिलं, तर साधं मॉडेल पास होईल, आणि दुसऱ्यात फ्लॅग वाचणारी सूचना बेरजेच्या आधीच उरकू शकेल.

जेम-फाइव्हच्या जुन्या पद्धतीत सायकलींची आकडेवारीही संदर्भफाइलशी ताडली जायची. कॅशमध्ये थोडा बदल केला तरी ढीगभर आकडे हलायचे. अशा वेळी माणूस फरक वाचत नाही, फाइल सरळ नवी करतो. आमच्या मते उत्तर बरोबर आहे का आणि वेळ किती लागला, या तपासण्या वेगळ्याच ठेवाव्यात.

वेळेचंही गणित आहे. जेम-फाइव्हमध्ये चाचण्यांचे तीन गट आहेत: झटपट चाचण्या प्रत्येक बदलाला, लांब रोज, अतिलांब आठवड्यातून एकदा. भागाकाराची टोकं झटपट गटात टाका, क्षणात होतात. लिनक्स पूर्ण बूट करणं मागच्या गटांत जाऊ द्या. बायनरीबरोबर तिचा सोर्स आणि कंपायलरची आवृत्तीही नोंदवा, कारण नव्या कंपायलरने तीच फाइल बांधली की जी सूचना तपासायची ती त्यातून गायबही झालेली असू शकते.