वेगळेपण जपणं आणि वेगळं बसवणं

आजच्या बोलण्याचा विषय तुम्हाला थोडा लांबचा वाटेल. ख्रिस्ती समाजात निरनिराळ्या जातींची, भाषांची, वंशांची माणसं एका प्रार्थनेला कशी बसतात, त्यांचं कुठे जमतं आणि कुठे अडतं, हे आज आम्ही सांगणार आहोत. सिंदेवाहीच्या आसपास ख्रिस्ती घरं थोडीच. मग बचत गटाच्या बायांना याचं काय? तर गटातही आपण निरनिराळ्या जाती-जमातींच्या बाया एकाच सतरंजीवर बसतो. जे प्रश्न त्यांना पडले, तेच आपल्यालाही पडतात. त्यांच्याकडे ते फार जुन्या काळापासून पडत आले आहेत, म्हणून शिकण्यासारखं बरंच आहे.

आधी एक शब्द समजून घेऊ. चर्चमध्ये जमणाऱ्या लोकांना मराठी ख्रिस्ती माणसं 'मंडळी' म्हणतात. आपणही घरच्यांना मंडळी म्हणतो, जेवायला बसलेल्यांनाही म्हणतो. म्हणजे मंडळी म्हटलं की घर आलं, ताट आलं. आणि ताट आलं की कोण कुणाच्या शेजारी बसणार, हाही प्रश्न आलाच.

पुष्कळांना वाटतं, ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी बोलणारे, झगा घालणारे, सगळे एकाच साच्याचे. तसं नाही. वसईकडे सामवेदी ख्रिस्ती समाज आहे. त्यांची स्वतःची बोली आहे. तिथल्या जुन्या बाया लुगडं नेसत आल्या. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. बायबल सोप्या मराठीत आणणारं त्यांचं 'सुबोध बायबल' पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच्याही चारशे वर्षं आधी, 1616 साली, गोव्यात फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज माणसानं मराठी ओव्यांतलं 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केलं. धर्म बाहेरून आला, पण त्याला इथल्या ओवीत बसावं लागलं.

आता आपल्याच जिल्ह्याकडे या. 1962 मध्ये चांदा भागातलं कॅथलिक चर्चचं काम केरळच्या सीरो-मलबार चर्चकडे सोपवलं गेलं. 1977 मध्ये चांदा हा पूर्ण धर्मप्रांत झाला. त्याचं मुख्य ठिकाण बल्लारपूर. तिथे कागद कारखाना आणि जवळपास कोळशाच्या खाणी, त्यामुळे कामासाठी मराठी, तेलुगू, हिंदी, मल्याळी अशा किती तरी भाषांची माणसं आली. 1999 मध्ये तेलुगू मुलखातलं आदिलाबाद वेगळा धर्मप्रांत झालं. दवाखान्यात किंवा शाळेत केरळची सिस्टर भेटते, आपल्याशी मराठीत बोलते, आणि दुसऱ्या सिस्टरशी मल्याळीत, तेव्हा हा सगळा इतिहास आपल्यासमोर उभा असतो.

नागपूरचं उदाहरण तर प्रत्येक ग्रामसंघानं ऐकावं असं आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एक झाले आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' तयार झालं. त्याआधी चाळीसेक वर्षं बोलणी चालली. अडचण साधी नव्हती. काही पंथ तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत, म्हणजे पाण्यानं दीक्षा देत. काहींचं म्हणणं, माणूस मोठा होऊन स्वतः कबूल करील तेव्हाच ही दीक्षा द्यावी. कुणी कुणाला आपली रीत सोडायला लावली नाही. दोन्ही रीती नव्या चर्चमध्ये राहिल्या. नियम एक, कारभार एक, पण रीतीला जागा. एकत्र येणं आणि एकसारखं होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसतं.

हीच गोष्ट एका बाईनं फार आधी सांगितली होती. पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण त्या शाकाहारीच राहिल्या, साडीच नेसत राहिल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असं त्यांनी तिथल्या सिस्टरांना विचारलं. लॅटिन पवित्र आणि आपली भाषा कमी, हे त्यांना पटणारं नव्हतं. धर्म घेतला म्हणजे माणसानं स्वतःची ओळख गहाण ठेवायची का, हा त्यांचा सवाल होता. पुढे त्यांनी पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं केलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात जाऊन निराधार बायामुली घेऊन आल्या. तेव्हा आपला चांदा जिल्हाही मध्यप्रांतातच होता. 1900 च्या दुष्काळात गुजरातच्या मुली आल्या. निरनिराळ्या जातींच्या, निरनिराळ्या भाषांच्या बाया आणि परदेशातून आलेल्या सेविका एका आवारात राहू लागल्या. छापखाना, शेती, विणकाम अशी कामं तिथे बायाच करत.

इथपर्यंत ऐकून वाटेल, सगळं गोड आहे. तसं नाही, आणि दुसरी बाजू सांगितल्याशिवाय आमचं बोलणं पूर्ण होणार नाही.

गोव्यात धर्म बदलला तरी जात गेली नाही. बामण, चारडो, सुदीर असे भेद ख्रिस्ती घरांतही राहिले. सण साजरे करणारी चर्चमधली जुनी मंडळंसुद्धा जातीप्रमाणे वेगळी होती. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला तर ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या करणारी भिंत उभी राहिली. मेल्यावरही शेजार चालेना. महाराष्ट्रात लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात आपलं मन उघडं केलं आहे. नवरा, कवी ना. वा. टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पण बाईंच्या मनातलं जातीचं सोवळं सुटायला वेळ लागला. त्यांनी ते लपवलं नाही, आणि एकदा सुटल्यावर मात्र मागे वळून पाहिलं नाही.

कायद्याचाही पेच आहे. 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला फक्त हिंदू धर्मीयांना होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून त्यात नाहीत. आदिवासींच्या यादीला मात्र या आदेशातली धर्माची अट नाही. म्हणजे दलित ख्रिस्ती बाईला गावात जात चुकत नाही, चर्चमध्येही कधी कधी चुकत नाही, आणि सवलतीच्या कागदावर मात्र तिची जात दिसत नाही. हा प्रश्न तपासायला केंद्र सरकारनं 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

बाहेरच्या जगात जातीच्या जागी कातडीचा रंग येतो. अमेरिकेत गोऱ्यांच्या चर्चमध्ये काळ्या लोकांना वेगळं बसवत. शेवटी त्यांनी 1816 मध्ये फिलाडेल्फियाला आपलं स्वतःचं चर्च स्थापन केलं. दक्षिण आफ्रिकेची गोष्ट आणखी जपून ऐका. तिथल्या डच चर्चच्या सभेनं 1857 मध्ये ठरवलं की सगळ्यांनी एकत्र प्रभुभोजन घेणं हेच योग्य. पण काही गोऱ्यांचं मन अजून तयार नाही, तेव्हा त्यांच्या दुबळेपणासाठी वेगळी बैठक चालवून घेऊ. मन दुबळं गोऱ्यांचं, आणि बाहेर बसायचं काळ्यांनी! ती सवलत पुढे रीत झाली, वेगळी चर्च झाली. 1948 नंतर तर वंशभेद हा त्या देशाचा कायदाच झाला. मोठा अन्याय पुष्कळदा अशाच एका वाक्यानं सुरू होतो: 'सध्या चालू द्या, तिला वाईट वाटेल.'

मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. धानाच्या बांधीत रोवणीला आपण एका ओळीत वाकतो, चिखल सगळ्यांच्या पायाला सारखाच लागतो. दुपारी शिदोरी सोडताना मात्र धुऱ्यावर दोन-तीन घोळके होतात. गटाची बैठक आळीपाळीनं घरोघरी ठरते, पण एखाद्या घरी पाळी आली की कुणाला उपास आठवतो, कुणाला चहा चालत नाही. त्या घरच्या बाईला कळतं. ती काही बोलत नाही. पुढच्या वेळी 'बैठक शाळेतच घ्या' म्हणते.

म्हणून आम्ही भेदाचे दोन भाग करून पाहतो. एक आहे वेगळेपण: बोली, गाणं, सण, जेवण, लुगडं नेसण्याची रीत. हे ज्याचं त्यानं हौसेनं जपलेलं असतं, आणि ते जपल्यानं दुसऱ्याचं काही कमी होत नाही. दुसरं आहे वेगळं बसवणं: पाणी, ताट, खुर्ची, मसणवट. हे एकानं दुसऱ्यावर लादलेलं असतं. कोणता भेद कोणत्या भागातला, हे ओळखायला एक साधा प्रश्न पुरतो. हे कुणी ठरवलं, आणि त्याचा भार कुणावर पडला? ठरवणारी एक आणि सोसणारी दुसरी असेल, तर ती रीत नाही, तो अन्याय आहे. उलट, कुणी मांस खात नसेल तर तिनं खाऊ नये. पण ज्या घरी बैठक आहे तिथलं पाणी तरी घ्यावं.

पुढच्या बैठकीत तीन गोष्टी तपासा. गेल्या वर्षभरात कुणाकुणाच्या घरी बैठक झाली आणि कुणाच्या घरी एकदाही झाली नाही, हे इतिवृत्ताच्या वहीतून काढा. अध्यक्ष आणि सचिव आजवर कोणकोणत्या टोल्यातल्या झाल्या, ते लिहा. आणि गोंडी किंवा बंगाली बोलणाऱ्या बाईला ठराव तिच्या बोलीत समजावून मग तिचा अंगठा घेतला का, ते विचारा. उत्तरं कुणाला टोचून बोलण्यासाठी काढू नका, पुढच्या वर्षाची पाळी लावण्यासाठी काढा. ज्या घरी बैठक कधी झाली नाही, तिथून सुरुवात करा. आणि त्या दिवशी चहाचा पहिला कप अध्यक्षबाईंनी घ्यावा.