वैशाखातलं तानसाचं रान

जैसलमेरच्या वाळवंटी राष्ट्रीय उद्यानात वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. आमच्या शहापुरात त्याच्या दहापटीहून जास्त. भूगोलाच्या तासाला मी हे सांगते, तेव्हा आश्रमशाळेतली मुलं चटकन विश्वास ठेवत नाहीत. वैशाखात त्यांच्या आया कोरड्या ओहोळात डवरा खणून वाटीवाटीनं हंडा भरत असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शहापूर-मुरबाडचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडून जातो. खाली थिजलेल्या लाव्हारसाचे थर, त्यावर पातळ माती. माहुली, सिद्धगड, माळशेजवरून कोसळलेलं पाणी भातसा, तानसा, काळू या नद्यांतून खाडीकडे पळतं. उरलेले आठ महिने रानाला पोटातल्या ओलीवर काढावे लागतात. म्हणून इथल्या जीवांच्या युक्त्या वाळवंटातल्या युक्त्यांच्या सख्ख्या बहिणी शोभतात.

सागाचं सुपाएवढं पान पाणी फार उडवतं, तेव्हा साग पानंच टाकून देतो. पांढऱ्या सालीचा कांडोळ, पांगारा, पळस तर निष्पर्ण असतानाच फुलतात. मोहाची फुलंही याच दिवसांत पडतात, आणि पहाटे ती वेचायला माणसांच्या आधी भेकरं आलेली असतात. बेडूक आणि चिंबोऱ्या मातीत खोल दडून राहतात. पहिल्या मोठ्या पावसात चिंबोऱ्या बाहेर येतात, मासे ओहोळातून वर चढतात आणि कातकरी पाडे वलगणीला, म्हणजे हे मासे धरायला, धावतात.

या उघड्या रानाचा माझा लाडका रहिवासी रानपिंगळा. 1873 मध्ये पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, आणि 1884 नंतर तो जणू नाहीसाच झाला. शंभरावर वर्षं तो नामशेष झाला असं मानलं जात होतं. नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ दिसला. 2014 मध्ये तो आमच्या तानसा अभयारण्यातही सापडला. हा पिंगळा भर दिवसा वाळक्या फांदीच्या शेंड्यावर बसून सरडे, उंदीर टिपतो. त्याला विरळ, पानझडीचं, सागाचं रान लागतं. गर्द सदाहरित जंगलात तो राहायचा नाही.

हे रान टिकलं त्यात पाण्याचा वाटा मोठा. तानसा धरण 1892 मध्ये मुंबईसाठी पुरं झालं आणि तलावाभोवतालचं जंगल राखलं गेलं. पुढे वैतरणा, भातसा ही धरणं आली. आज मुंबई बहुतांशी याच डोंगरांचं पाणी पिते, आणि धरणांच्या वरच्या अंगाच्या पाड्यांवर मार्चपासून टँकर फिरतात. मला हा अन्याय वाटतो. ज्या पाड्यांनी हे रान सांभाळलं, त्यांचा या पाण्यावरचा हक्क पहिला आहे.

उन्हाळ्यातलं उघडं रान बघून पाहुणे त्याला मेलेलं म्हणतात, कुणी बेफिकिरीनं विडी टाकतो, आणि वणवा लागतो. खाली साठलेला पाला भराभर जळतो, जुनी पोकळ खोडं मात्र आतून धुमसत राहतात. रानपिंगळा अंडी घालतो ते अशाच जुन्या झाडांच्या ढोलीत.