विश्लेषण : जितका कर, तितके मत? प्रशियातील निवडणूक सुधारणा महायुद्धापर्यंत का रखडली?

पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मनीच्या संसदेसाठी, म्हणजे राइशटागसाठी, २५ वर्षांवरील पुरुषांना समान आणि गुप्त मताधिकार होता. मात्र प्रशिया या सर्वांत मोठ्या राज्यात विधिमंडळाच्या निवडणुकीत त्याच मतदाराच्या मताचे वजन त्याच्या करावरून ठरत असे.

पद्धत काय होती?

१८४९ पासून मतदारांचे तीन वर्ग पाडले जात. एकूण प्रत्यक्ष कराचा पहिला तृतीयांश भरणारे मोजके धनिक पहिल्या वर्गात, त्याखालचे दुसऱ्या आणि उरलेले सगळे तिसऱ्या वर्गात. तिन्ही वर्ग सारख्याच संख्येने निर्वाचक निवडत आणि हे निर्वाचक आमदार निवडत. १९०८ मध्ये पहिल्या वर्गात सुमारे ४ टक्के, तर तिसऱ्यात ८२ टक्के मतदार होते. शिवाय मत सर्वांसमक्ष तोंडी सांगावे लागे. जमीनदाराच्या शेतावर राबणाऱ्या मजुरासाठी ही जोखीमच होती.

परिणाम काय झाला?

१९०८ मध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षाला सुमारे २४ टक्के मते मिळाली, पण ४४३ पैकी जागा मिळाल्या अवघ्या सात. सुमारे १४ टक्के मतांवर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे १५२ आमदार निवडून आले. मतदारसंघांची जुनी रचनाही ग्रामीण भागाच्या पथ्यावर पडत होती.

इतर राज्यांत काय घडले?

बाडेनने १९०४ मध्ये, तर बव्हेरिया आणि व्यूर्टेम्बर्गने १९०६ मध्ये निवडणूक कायदे सुधारले. सॅक्सनीने मात्र १८९६ मध्ये उलट त्रिवर्ग पद्धत आणली. १९०९ मध्ये ती गेली, पण उत्पन्न, मालमत्ता, शिक्षण, वय अशा निकषांवर एका मतदाराला चारपर्यंत मते मिळू लागली.

प्रशियात घोडे कुठे अडले?

या पद्धतीने निवडून आलेल्यांनीच ती बदलायची होती! चॅन्सेलर बेटमान-होल्वेग यांचे १९१० चे मवाळ विधेयकही बारगळले. संपूर्ण देशाच्या राज्यघटनेतील बदल रोखायला राज्यांच्या सभागृहात, बुंडेसराटमध्ये, १४ मते पुरत; एकट्या प्रशियाकडे १७ होती. त्यामुळे १९१२ मध्ये सोशल डेमोक्रॅट ११० जागांसह राइशटागमधील सर्वांत मोठा पक्ष ठरूनही सत्तेची चौकट हलली नाही.

शेवट कसा झाला?

मतपेटीत हलका ठरलेला तिसरा वर्ग सैन्यभरतीत मात्र कुठेच कमी धरला गेला नाही. युद्ध लांबले तसा असंतोष वाढला. एप्रिल १९१७ मध्ये सम्राटाने सुधारणेचे आश्वासन दिले, पण विधिमंडळाने चालढकल केली. अखेर नोव्हेंबर १९१८ च्या क्रांतीने ही पद्धत संपवली आणि महिलांनाही मताधिकार मिळाला.